काचेतली माती

विमानतळावरच्या त्या माणसानं हिंदुराव वस्तादांची पितळी डबी उघडली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि आतली माती शेजारच्या पत्र्याच्या पेटीत उपडी केली. मग रिकाम्या डबीला झाकण लावून ती अगदी अदबीनं त्यांच्या हातात परत ठेवली.

"आरं, आरं! तालमीची माती हाय ती!" वस्ताद ओरडले आणि पेटीत हात घालायला निघाले. दोन शिपायांनी त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. सत्तरीचा माणूस, पण त्या दोघांना ओढायला जोर लागला.

विमानतळापुरती आम्हाला दिलेली दुभाषी मुलगी मधे पडली. "परकी माती इथं आणता येत नाही बाबा. तिच्यातनं रोग येतात म्हणे."

"आमच्या मातीतनं रोग? ताक, हळद, लिंबू, तेल घालून मळलेली माती हाय ती. चार पिढ्यांचा घाम मुरलाय तिच्यात. विचार त्याला, त्याच्या मुलखात हाय का असली?"

तोवर तो माणूस पुढच्या प्रवाशाची बॅग उघडायला लागला होता.

वस्तादांनी मान वळवून पाहिलं. हत्यारांच्या पेट्या घेऊन येसबा आणि माझा धाकटा भाऊ रंगराव लांबच्या रांगेत उभे होते. दोघांची तोंडं दोन दिशांना. वस्ताद माझ्या कानाशी आले. एरवी त्यांची कुजबुजसुद्धा आखाड्याच्या पलीकडं ऐकू जायची, त्या दिवशी मला कान पुढं करावा लागला.

"सुभद्राक्का, हे येसबाला कळता कामा न्हाई. कळलं तर तुझा भाऊ जित्ता घरी जायचा न्हाई."

त्या मातीचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावात मर्दानी खेळाची जुनी तालीम. तलवार, दांडपट्टा, लाठी, सगळं तिथं शिकवतात. हत्यार उचलण्याआधी वस्ताद दोन्ही गड्यांच्या कपाळाला तालमीची माती लावतात आणि म्हणतात, "रिंगणाचं रिंगणात." गडी तेच शब्द परत म्हणतो. एकदा कपाळाला माती लागली की बांधाचं भांडण असो, भाऊबंदकी असो, नाहीतर घरात खून पडलेला असो, समोरच्याच्या अंगाला जाणूनबुजून पातं लावायचं नाही. ज्यानं लावलं तो तालमीला मेला. आणि माती लागलेलीच नसेल, तर ते रिंगणच नव्हे. मग नुसती हत्यारं घेतलेली दोन माणसं.

आदल्या चैत्रात, आमच्या भैरोबाच्या यात्रेत, येसबाचा धाकटा भाऊ जोतिराम तळहातावर लिंबू घेऊन उभा राहिला. डोळ्यांना पट्टी बांधून रंगरावनं पट्टा चालवला. लिंबू तसंच राहिलं आणि पातं मनगटात गेलं. रक्त कशानं थांबेना. जीपमधून तालुक्याला नेता नेता पोर गेलं. पोलीस आले, पंचनामा झाला, सगळे म्हणाले अपघात. रंगराव आठवडाभर जेवला नाही. मीही अपघातच मानला. भाऊ माझा.

तेराव्याला येसबाच्या दारात मीच कीर्तनाला उभी राहिले. आमचं घर गुरवाचं. वडील कीर्तन करायचे, त्यांच्यामागं मी करते. कीर्तनकार बाई असली तरी आमच्याकडं तिला बुवाच म्हणतात. कीर्तन संपल्यावर येसबाच्या आईनं, त्या लेक गेलेल्या माउलीनं, माझ्या कपाळाला बुक्का लावला आणि माझे पाय धरले. नारदाच्या गादीवर उभं राहिलेल्याचे पाय धरायचे असतात, कुणाची बहीण आहे ते बघायचं नसतं. तिनं ते पाळलं. येसबानं मात्र मला अंगणाच्या कडेला गाठलं.

"बुवा, एकच विचारतो. तुमच्या भावाला पट्टीतनं दिसत हुतं का?"

"येसबादादा, अशी शंका मनात धरू नये."

"औंदा पालखीम्होरचा मानाचा पट्टा जोत्याला मिळणार हुता," एवढंच म्हणून तो आत गेला.

जगभरच्या देशांच्या त्या प्रदर्शनाला आमची निवड झाली तेव्हा वस्तादांनी या दोघांनाच जोडीला घेतलं. त्यांच्यासारखी जोडी जिल्ह्यात नव्हती, आणि म्हाताऱ्याचा हिशेब साधा होता. परमुलखात एका ताटात जेवतील, रोज कपाळाला माती लागेल, रोज तोंडानं शब्द म्हणतील, हळूहळू विष उतरेल. तो सगळा हिशेब पत्र्याच्या पेटीत उपडा झाला होता.

आमच्या देशाचं दालन दोन मजल्यांचं. खाली संगमरवरी चौक, तिथं नाचगाणी, हातमाग, मसाल्यांचे वास. वर काचेच्या खोल्या. त्यांत बंदरांचे, कारखान्यांचे, रस्त्यांचे लहान लहान नमुने, आणि सूट घातलेली माणसं पाहुण्यांना गुंतवणूक समजावून सांगत बसलेली. वरच्या सज्जातून खालचा चौक दिसायचा. आमचा हलगीवाला दौलू म्हणायचा, "आक्का, वर करार आन् खाली तलवार. खाली जेवढं जोरात, तेवढं वर लवकर सही."

पहिल्याच दिवशी मी वर फिरून आले. एका भिंतीशी काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत एका जिल्ह्याची माती आणि खाली पाटी: उद्योगांसाठी उपलब्ध जमीन. काळी, करडी, पिवळी. शेवटून दुसऱ्या बरणीत तांबडी माती दिसली, नि पाटीवर आमच्या जिल्ह्याचं नाव. मी आपसूक चप्पल काढली आणि हात जोडले. तिथली मुलगी हसली.

"ही कशी येऊ दिली गं यांनी?" मी विचारलं.

"खास परवाना काढला होता ताई. ही एक्झिबिट आहे."

मी धावत खाली जाऊन वस्तादांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. दालनाचे प्रमुख दिल्लीचे माथुर साहेब. वस्तादांनी त्यांच्यापुढं पागोटं काढलं आणि मोडक्या हिंदीत चिमूटभर माती मागितली.

साहेबांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "पहलवानजी, एक्झिबिट को हाथ नहीं लगाते," ते हसून म्हणाले. "मिट्टी चाहिए तो गमले से ले लीजिए."

आणि वस्तादांनी तेच केलं. दरवाजाशी खजुरीच्या झाडांच्या मोठ्या कुंड्या होत्या. चहाच्या चमच्यानं त्यांतली माती उकरून त्यांनी डबी भरली. त्यांची चूक म्हणायची तर एवढीच, की चाळीस वर्षं मातीत घालवलेल्या माणसानं दुसऱ्या माती ओळखणाऱ्याला फसवायचं ठरवलं. सुरुवातीचे खेळ बोथट हत्यारांचे, लहान लहान होते. येसबा माती लावून घेई, शब्द पुटपुटे आणि खेळे. मला वाटलं, निभावलं. देवाला आळवताना मी रोज त्या कुंडीलाही नमस्कार करत होते.

मग आमच्या देशाचा खास दिवस आला. सज्जा सकाळपासून माणसांनी भरला. माथुर साहेब मला म्हणाले, "गुरवजी, आज बडे मेहमान हैं. भगवान-वगवान छोड़िए, सीधे लड़ाई से शुरू कीजिए."

कीर्तनात आधी पूर्वरंग असतो. त्यात देवाचं नाव, माणसानं कसं वागावं, याचं निरूपण. मग उत्तररंगात गोष्ट, त्यात लढाई. वडील म्हणायचे, पूर्वरंगाशिवाय लढाई सांगितली की ती नुसती मारामारी होते. मी साहेबांना ते सांगायला तोंड उघडलं, पण ते जिना चढायला लागले होते.

कपडे बदलायच्या खोलीत वस्तादांनी डबी उघडली. रंगरावच्या कपाळाला माती लावली, येसबाच्या लावली. येसबानं या वेळी शब्द म्हटले नाहीत. कपाळाची माती बोटावर घेतली, अंगठ्यानं चोळली आणि हुंगली. मग माझ्याकडं बघून हसला. तसं हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

वस्ताद ढाली उचलून बाहेर गेले, रंगराव त्यांच्यामागं. येसबा माझ्याशी थांबला.

"बुवा, पहिल्या दिवसापास्नं वळखलीया. कुंडीतली हाय. हिला वास न्हाई."

"येसबादादा, मातीपेक्षा भाव मोठा."

"भाव कीर्तनात. मातीला वास असतो." तो पट्ट्याच्या लोखंडी खोबळ्यात हात सरकवत होता, कोपरापर्यंत. "आपल्या मातीत उभा ऱ्हायलो असतो तर बांधला गेलो असतो. जोत्याच्या जिवाची आण, केसाला धक्का लावला नसता. पर आज मी मोकळा हाय."

"दादा!"

"वाजीव रं दौल्या!" तो ओरडला आणि चौकात उडी मारून गेला.

मी वस्तादांकडं धावले, पण हलगी कडकडली होती. हलगीचा एक नियम आहे. हत्यार हवेत असेपर्यंत ती थांबत नाही. गड्यांचे पाय तिच्यावर चालतात, ती मधेच तुटली तर पाय तुटतो. दौलूनं डोळे मिटून घाईचा ठेका धरला होता. सज्जातून साहेबांनी मला हात केला: गा. माझ्या हातात चिपळ्या होत्या. मी गडावरच्या लढाईचा कटाव, म्हणजे धावत्या चालीचं पद, सुरू केला आणि पहिल्या ओळीलाच थांबले. येसबाचा पहिला हात रंगरावच्या ढालीवर पडला होता आणि ढालीचं कातडं केळीच्या सालीसारखं सोलून लोंबत होतं. तो बोथट पट्टा नव्हता. लिंबासाठी ठेवलेला धारेचा पट्टा येसबानं हातात घातला होता.

रंगरावलाही ते कळलं. त्यानं ढालीकडं पाहिलं, मग येसबाकडं.

"येसबा, कुठला पट्टा घेतलायस?"

"जोत्याला लागलेलाच."

पट्ट्याचं पातं लवलवतं असतं, चाबकासारखं. ते फिरायला लागलं की त्याच्या आत जाता येत नाही. येसबानं रंगरावला चौकाच्या मधोमध घेतलं आणि भोवती पातं असं फिरवलं की सूं सूं आवाजाखाली हलगी दबली. दुसरा हात खांद्यावर बसला. पांढरा अंगरखा फाटला आणि लाल झाला. सज्जात टाळ्यांचा पाऊस पडला.

"बोल," येसबा म्हणाला. पाय हलगीवर, हात वाऱ्यावर, आवाज मात्र दारात उभं राहून विचारपूस करावी तसा. "जोत्याच्या हातावर लिंबू हुतं. तू कुठं मारलंस?"

"अपघात झाला रं."

पातं दंडावरून गेलं. रंगरावची तलवार खणकन लांब जाऊन पडली. लोक उभे राहून ओरडायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. व्हिडिओ कॅमेरे घेतलेली माणसं पुढं सरकली.

"कपाळाला माती हुती तुझ्या. आपली माती. शब्द बोलला हुतास. कुठं मारलंस?"

"येसबा, माझं घर..."

"माझ्या आईचं घर हुतं!"

हिंदुराव वस्ताद दोन्ही हात पसरून मधे घुसले. "बास! बास म्हंतो न्हवं!" येसबानं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. खोबळ्याचं कोपर त्यांच्या जबड्यावर बसलं आणि म्हातारा धाडकन संगमरवरावर आडवा झाला. तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले. लोकांना तो खेळातला विनोदी भाग वाटला. हशा पिकला.

मी कटाव कधीच सोडला होता. देवाचं नाव तेवढं तोंडात होतं, तेही सुरात नव्हे.

पुढचा वार मांडीवर. रंगराव गुडघ्यावर आला. त्याच्याखाली पांढरी फरशी लाल होत गेली. त्यानं ढाल टाकली. मला वाटलं, आता हात जोडेल. त्यानं हात जोडले नाहीत. मान वर करून तो सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला.

"मुद्दाम मारला! पट्टी सैल हुती माझी. मला लिंबूबी दिसत हुतं आन् मनगटबी दिसत हुतं. मानाचा पट्टा माझा हुता, वस्तादांनी त्याला दिला. फकस्त बोटं जातील असं वाटलं हुतं. मुद्दाम मारला!"

काय सांगू, त्या क्षणी उठलेल्या टाळ्या आजही माझ्या कानांतून गेल्या नाहीत. हजार माणसं असतील, एकालाही एक शब्द कळला नव्हता. वीर पुरुष गुडघ्यावर येऊन आरोळी ठोकतोय, एवढंच त्यांना दिसलं. सज्जात पाहुणे उठून उभे राहिले. माथुर साहेब त्यांच्या मधोमध, कौतुकानं मान हलवत. कळलं ते फक्त आम्हा चौघांना: जबडा धरून बसलेल्या वस्तादांना, दौलूला, येसबाला आणि मला. ज्या भावासाठी वर्षभर भैरोबापुढं दिवा लावला, तो हा.

येसबा हसला नाही. त्यानं कमरेच्या शेल्यातून लिंबू काढलं आणि रंगरावच्या पुढ्यात टाकलं.

"झोप."

रंगराव झोपला. कुणी ढकलला नाही. मांडी ओढत उताणा झाला, लिंबू स्वतःच्या हातानं गळ्यावर ठेवलं आणि हनुवटी वर केली.

"तुझी पट्टी सैल हुती," येसबा डोळ्यांवर काळं फडकं बांधत म्हणाला. दातानं गाठ ओढली. "माझी घट्ट हाय. बघ. आता आवाज दे."

डोळे बांधलेला गडी आवाजावर हात मारतो. लिंबू धरणाऱ्यानं "जी" म्हणायचं असतं. मग पाच ठोके, आणि वार. दौलू रडत वाजवत होता.

"जी," रंगराव म्हणाला.

मी कधी धावले ते मला ठाऊक नाही. त्याच्या डोक्याशी जाऊन मी त्याला ओढायला लागले, तर त्यानं माझा हात झटकला. "आक्का, सर बाजूला. होऊ दे एकदाचं."

"ऊठ मेल्या!"

"मला झोप न्हाई आक्का, त्या दिवसापास्नं. होऊ दे."

वर पातं उठलं होतं. येसबाच्या दंडाची शीर फुगलेली मला दिसली. लिंबू कापायला इतका जोर लागत नाही. मान कापायला लागतो. माणूस ओढायला वेळ नव्हता. मी डाव्या हातानं भावाच्या गळ्यावरचं लिंबू मुठीत पकडलं आणि मूठ तिथंच दाबून धरली.

पातं आलं. आधी काहीच वाटलं नाही, थंड पाण्याची धार पडल्यासारखं झालं. मग पाहिलं तर अर्धं लिंबू भावाच्या छातीवर होतं, अर्धं फरशीवर, आणि त्याच्या शेजारी माझी दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. पातं माझ्या हाडात अडकलं होतं. त्याच्याखाली रंगरावच्या गळ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली होती.

लोकांनी चौक डोक्यावर घेतला.

येसबाला पातं सोडवता येईना. लिंबू आणि मान यांच्या मधे हाड लागलं म्हणजे काय, ते त्याच्या हाताला कळलं असावं. त्यानं फडकं ओरबाडून काढलं. मला पाहिलं. कपाळावरचा बुक्का, गळ्यातली तुळशीची माळ, हातातून वाहणारं रक्त. त्याचं तोंड उघडं पडलं.

"बुवा..." मग लगेच त्याच्या डोळ्यांत परत तोच सूड आला. झटका देऊन त्यानं पातं सोडवलं. मी किंचाळले. "सरा बुवा. गादीवर न्हाई तुम्ही. ही फरशी हाय. सरा! आता उघड्या डोळ्यांनी मारतो."

दुखण्यानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि त्या अंधारीत मला त्या बरण्या दिसल्या.

"येसबादादा," मी म्हटलं, "माती आहे."

"कुंडीतली!"

"नाही. आपली. वर आहे, काचेत. बघ जाऊन. आपली माती असती तर बांधला गेलो असतो, म्हणालास. जोतिरामाच्या जिवाची आण घेतलीस."

तो थांबला. पट्टा वर उचललेला, तसाच थांबला. सगळ्या मुलखाला शपथ मोडता येते, पण ज्यानं शपथ मोडणाऱ्याला मारायला हत्यार उचललंय, त्याला येत नाही. ते त्याला कळलं. मला नुसतं त्याच्या तोंडाकडं बघून कळलं.

"खोटं असंल तर?"

"तर खाली येऊन दोघांना मार."

"चला. दाखवा."

मी पदर मुठीभोवती गुंडाळला आणि जिना चढायला लागले. मागं येसबा, उजव्या हाताला ठिबकता पट्टा. लोक वाट देत होते, टाळ्या वाजवत होते. एक गोरी बाई वाकून मला नमस्कार करून गेली. पायऱ्यांवर थेंब पडत होते. त्यांत माझे कुठले, भावाचे कुठले, भैरोबाला ठाऊक.

जिन्याच्या तोंडाशी माथुर साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. चेहरा फुललेला.

"वाह, गुरवजी! मेहमान पूछ रहे हैं, खून के लिए कौन सा रंग इस्तेमाल करते हैं?"

मी पदर सोडून हात त्यांच्यापुढं धरला. उरलेली तीन बोटं आणि बाकीचं. साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तोंड मात्र पांढरंफटक पडलं. ते कठड्याला टेकले. पाहुणे अजून हसतच होते.

मी बरणी दाखवली. येसबानं पाटी वाचली, एक एक अक्षर लावून. मग खोबळ्याच्या मुठीनं एकच ठोसा. काच फुटली, बरणी फुटली, तांबडी माती त्या गुळगुळीत पांढऱ्या जमिनीवर पसरली. सूटवाली माणसं ओरडत मागं सरली. येसबा गुडघ्यावर बसला, चिमूटभर माती घेतली, नाकाशी नेली.

बराच वेळ त्यानं श्वास सोडला नाही.

"हळद न्हाई," तो म्हणाला. "ताक न्हाई." मग आवाज फुटला. "पर हाय. आपलीच हाय. पावसाआधी शेतात येतो तो वास हाय."

आणि तो धिप्पाड गडी परमुलखात, मोटारींच्या आणि बंदरांच्या खेळण्यांमध्ये बसून लेकरासारखा रडला. मग त्यानं स्वतःच्या कपाळाला माती लावली. मूठ भरून घेऊन खाली उतरला. मी पदराच्या कोरड्या टोकात राहिलेली थोडी बांधली आणि त्याच्यामागं गेले. रंगराव तिथंच पडला होता, दौलू त्याच्या मांडीला आपलं पागोटं बांधत होता. हलगी पहिल्यांदाच गप्प होती. येसबानं रंगरावच्या कपाळाला माती इतक्या जोरानं दाबली की त्याचं डोकं फरशीवर आपटलं.

"म्हण."

रंगरावला रडण्यातून बोलता येईना.

"म्हण, मुडद्या!"

"रिंगणाचं..." रंगराव म्हणाला, "रिंगणात."

येसबानं खोबळ्यातून हात काढला. पट्टा फरशीवर वाजला. तेव्हा कुठं लोकांना वाटलं की खेळ संपला, आणि शेवटच्या टाळ्या झाल्या.

बोटं जोडली गेली नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी शिकस्त केली. दालनाकडून वर कळवलं गेलं की सरावात किरकोळ इजा झाली. आम्ही गावच्या स्टँडवर उतरलो, तर रंगराव घराच्या वाटेला लागलाच नाही. लंगडत आधी येसबाच्या अंगणात गेला. त्याच्या आईनं सगळं ऐकून घेतलं, मग चुलीतलं जळकं लाकूड उपसून ती त्याला मारत राहिली, हात थकेपर्यंत. त्यानं अंग चोरलं नाही. तिथून तो पोलीस चौकीत गेला. पुढं कोर्टानं दिलेली सजा त्यानं पुरती भोगली.

तीन बोटांच्या हातात चिपळी धरता येते, पण वाजत नाही. त्या वर्षी जोतिरामाच्या श्राद्धाला मी येसबाच्या दारात कीर्तनाला उभी राहिले, तेव्हा माझा हात रिकामाच होता. पूर्वरंगाचा पहिला अभंग सुरू केला आणि मागून चिपळ्या वाजल्या. मी वळून पाहिलं नाही. गादीवर उभं राहिल्यावर मागं बघायचं नसतं. तेव्हापासून आजतागायत माझ्यामागं येसबाच उभा असतो. परगावचे लोक विचारतात, बुवा, हे तुमचे कोण? मी म्हणते, भाऊ.

सजा संपवून रंगराव आला, त्या साली तोही श्रोत्यांत शेवटी येऊन बसला. कीर्तन संपल्यावर सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावायचा असतो. त्या दोघांपाशी मात्र मी बुक्क्याची डबी बाजूला ठेवते आणि वस्तादांची जुनी पितळी डबी उघडते. आता वस्ताद नाहीत. डबीत तालमीची माती आहे आणि तिच्यात माझ्या पदराच्या गाठीतली ती चिमूट मिसळली आहे. जाताना विमानतळावर आमची माती काढून घेतली होती. येताना रक्तानं भिजलेल्या त्या गाठीला हात लावायचं धाडस कुणाला झालं नाही.